बोहाडा म्हणजे काय? मुखवटे कशाचे करतात?

हॅलोविनमधल्या भुतांसारखी राक्षसांची सोंगे जव्हार-मोखाड्यातही निघतात, पण देवांच्या सोबतीने. होळीनंतरच्या उन्हाळ्यात होणाऱ्या या उत्सवाला बोहाडा म्हणतात. गणपती, नरसिंह, रावण, त्राटिका रात्री संबळाच्या तालावर नाचतात.

मुखवटे लाकडाचे किंवा कागदाचे असतात. कागदी मुखवट्यासाठी साच्यावर लगदा थापतात, वाळवतात आणि रंगवतात. तो हलका असल्याने नाचणे सोपे जाते. मोठे डोळे आणि भडक रंग मशालीच्या उजेडातही उठून दिसतात.

आता हे मुखवटे शोभेसाठीही विकले जातात. त्यातून कारागिराला काम मिळते. सोंग मात्र परंपरेने अनेकदा ठरावीक घराण्याकडे असते. इथली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुखवटा विकत मिळेल. नाचणारा मात्र गावात हवा.