धमनीच्या भिंतीतील मास्ट पेशी

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की ते आतून साचत जाऊन नळी बुजते, असा सर्वसाधारण समज असला, तरी धमनीकाठिण्याची खरी घडामोड धमनीच्या भिंतीत होते, आणि भिंतीत शिरलेल्या कोलेस्टेरॉलला परत निघण्याची वाट मिळते की नाही, हा तिच्यातला कळीचा प्रश्न असतो. या प्रश्नाशी मास्ट पेशींचा निकटचा संबंध असूनही वैद्यकाबाहेर त्यांची ओळख ॲलर्जीपुरतीच राहिली आहे.

पॉल एर्लिख यांनी १८७८ साली आपल्या प्रबंधात या पेशींना नाव दिले. अंगावर पित्त उठते तेव्हा खाज आणि सूज आणणारे हिस्टामिन त्यांच्याच कणिकांतून बाहेर पडते. पण त्या कणिकांत हेपारिन, तसेच प्रथिने तोडणारी ट्रिप्टेज व कायमेज ही विकरेही ठासून भरलेली असतात, आणि धमनीला त्यांच्यापासूनच अधिक धोका संभवतो.

हेलसिंकीच्या विहुरी संशोधन संस्थेत पेट्री कोव्हानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांतून या धोक्यामागची प्रक्रिया उलगडली. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण मास्ट पेशींनी सोडलेल्या कणिकांतील हेपारिनला चिकटतात, कायमेज त्यांच्यावरील प्रथिन कुरतडते, कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि महाभक्षक पेशी, म्हणजे ऊतींतील टाकाऊ पदार्थ गिळणाऱ्या संरक्षक पेशी, ते गिळून चरबीने फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसणाऱ्या अशा पेशींना फेनपेशी म्हणतात. त्यांच्यातील जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे पोचविण्याचे काम एचडीएल कणांचे, त्यांतही चरबी अल्प असलेल्या लहान कणांचे. परंतु कायमेज नेमके त्यांचेच मुख्य प्रथिन तोडते. एकच पेशी आलेला माल अडवून ठेवते आणि तो परत नेणाऱ्या गाडीची चाकेही काढून घेते, असा हा दुहेरी घात आहे, आणि म्हणूनच तपासणीत एचडीएलचा आकडा चांगला आला, तरी भिंतीत ते कण आपले काम करीत असतीलच, असे गृहीत धरणे योग्य नाही.

साचलेल्या चरबीवर कोलेजन या चिवट प्रथिनाचे आवरण असते. ते फाटले की रक्ताची गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. मास्ट पेशींची विकरे कोलेजन तोडणाऱ्या इतर विकरांना कार्यान्वित करतात व आवरण दुबळे करतात. कोव्हानेन यांच्या गटाने १९९५ साली झटक्याने दगावलेल्या रुग्णांच्या हृदयधमन्या तपासल्या, तेव्हा आवरण फाटल्याच्या वा झिजल्याच्या जागी मास्ट पेशींचे प्रमाण एकूण पेशींच्या ६ टक्के, लगतच्या रोगट भागात १ टक्का आणि निरोगी भागात अवघे ०.१ टक्का आढळले. पेशी तेथे आहेत म्हणून त्यांनीच आवरण फाडले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मात्र स्पष्ट सांगितले पाहिजे.

कार्यकारणाचा अधिक भक्कम पुरावा उंदरांनी दिला. मास्ट पेशी नसलेल्या उंदरांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यावरही त्यांच्या धमन्यांतील चरबीचे थर लहानच राहिले, असे २००७ साली दिसून आले. तथापि या उंदरांत बिघडलेले किट हे जनुक इतर पेशींनाही लागत असल्याने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतले गेले आहेत. माणसात मात्र तीव्र ॲलर्जीच्या वेळीच हृदयधमनी आवळली जाण्याचा प्रकार १९९१ साली त्याचे वर्णन करणाऱ्या कौनिस यांच्या नावाने ओळखला जातो.

मग ॲलर्जीच्या गोळ्यांनीच धमन्या वाचवता येतील का? स्टॅटिन औषधे एलडीएल कमी करून भिंतीत येणारा कोलेस्टेरॉलचा ओघ घटवतात. ॲलर्जीवर नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या हिस्टामिनचा परिणाम रोखतात, कायमेजला त्या आवर घालत नाहीत. त्यामुळे त्या स्टॅटिनची जागा घेऊ शकत नाहीत.