एक गिटार, दोन आवाज!

बोनस जमा झालाय, गिटार तयार आहे आणि साउंड मात्र 'बारीक' येतोय? मग कोरस पेडलच्या वाटेला जाण्याआधी हे वाचाच...

जालना म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? स्टील, बियाणं आणि मोसंबी. जरा जास्त माहिती असेल तर 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण. पण इलेक्ट्रिक गिटार? नाही ना? इथेच तर गंमत आहे. दिवसभर एक्सेल शीटशी झटापट करून शनिवारी संध्याकाळी अ‍ॅम्प ऑन करणारी पोरं फक्त पुण्या-मुंबईत असतात, हा आपला एक गोड गैरसमज आहे. ती जालन्यातही आहेत. माझा मावसभाऊ त्यातलाच एक.

एका स्टील कंपनीत तो अकाउंट्स बघतो. वय चोवीस. ऑफिसमधल्या आणि कॉलेजमधल्या चौघांचा मिळून बँड. दोन गिटार, एक कीबोर्ड, एक ड्रम. सगळं मस्त चाललं होतं. मग दुसऱ्या गिटारवाल्याला पुण्यात जॉब लागला आणि तो गेला. बँड उरला तिघांचा. जी गाणी दोन गिटारींवर भरून यायची ती एकदम पोकळ वाटायला लागली. प्रॅक्टिस आधी आठवड्याची पंधरवड्यावर गेली, मग महिन्यावर. एका रात्री त्याचा फोन आला, 'ताई, एकटाच वाजवू लागलोय असं वाटतंय गं. कोरस पेडल घेऊ का? बोनस आलाय.'

प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न दडलेला होता. नोकरी लागल्यावर छंदाचं काय होतं, हा. तुमच्याही घरात धूळ खाणारा एखादा कॅमेरा, ट्रेकिंगचे बूट किंवा तबला-डग्गा असेलच की! त्यामुळे मी कॉलेजच्या बँडमधलं माझं जुनं ऱ्हिदम गिटारचं ज्ञान झटकलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

हे डबडं नेमकं करतं काय?

गावातल्या भजनी मंडळाचा आवाज आठवा. वीस जण एकच अभंग एकाच चालीत म्हणतात. पण कुणी अगदी किंचित आधी सुरू करतो, कुणी नंतर. कुणाचा सूर केसभर वर, कुणाचा खाली. चूक म्हणून कानाला खटकत नाही, उलट आवाज भरदार होतो. तानपुऱ्याच्या मधल्या दोन जोडीच्या तारांचंही तेच. दोन्ही एकाच षड्जात लावतात, पण त्यांच्यातल्या बारीकशा फरकानं तो सूर झुलत राहतो.

कोरस पेडल हेच काम एका गिटारवर करतं. गिटारच्या सिग्नलची ते एक कॉपी काढतं आणि तिला काही मिलिसेकंद उशीर लावतं. हा उशीर सतत कमी-जास्त होत राहतो. स्टेशनात येणाऱ्या गाडीचा हॉर्न जवळ येताना चढा आणि दूर जाताना उतरलेला वाटतो ना? तसंच उशीर कमी होताना कॉपीचा सूर जरासा चढतो आणि वाढताना उतरतो. ही डुलणारी कॉपी मूळ आवाजात मिसळली की झाला कोरस! मूळ आवाज काढून टाकून नुसती कॉपी ऐकली तर त्याला म्हणतात व्हायब्रॅटो.

अ‍ॅनालॉग पेडलमध्ये हा उशीर करणाऱ्या चिपचं नाव ऐकाल तर खूश व्हाल. 'बकेट ब्रिगेड'! १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या दोघांनी ही कल्पना काढली. विहिरीपासून टाकीपर्यंत माणसांची रांग लावायची आणि बादली हातोहात पुढे द्यायची. रांगेतली माणसं म्हणजे चिपमधले कपॅसिटर आणि बादलीतलं पाणी म्हणजे आवाज. कोरस-फ्लँजरमध्ये गाजलेल्या एमएन-३००७ या चिपमध्ये अशी १०२४ ठिकाणं आहेत. हात भरभर चालले की उशीर कमी, हळू चालले की जास्त. २०१३ च्या दुष्काळात टँकरपुढे रांगा लावलेल्या जालनेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. बादल्या देता-देता थोडं पाणी सांडतंच. म्हणून अ‍ॅनालॉग कोरस जरा मऊ, उबदार वाटतो. डिजिटलमध्ये पाणी सांडत नाही, तो स्वच्छ आणि चकचकीत. चांगलं कुठलं? ज्याच्या-त्याच्या कानाचा प्रश्न!

थोडा फ्लॅशबॅक

१९७५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीनं जेसी-१२० हा अ‍ॅम्प काढला. 'जॅझ कोरस' म्हणून तो आजही प्रसिद्ध आहे. त्यातलं कोरसचं सर्किट वेगळं काढून १९७६ मध्ये बॉसचं सीई-१ आलं. ते होतं चांगलं जाडजूड आणि थेट प्लगवर चालणारं. १९७९ मध्ये आलं छोटं सीई-२. त्याला फक्त दोन नॉब. रेट म्हणजे डुलण्याचा वेग आणि डेप्थ म्हणजे डुलण्याचं प्रमाण. ऐंशीचं दशक तर या आवाजानं न्हाऊन निघालं. मग १९९१ मध्ये निर्वाणाच्या कर्ट कोबेननं 'कम अ‍ॅज यू आर'मध्ये इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं स्मॉल क्लोन वापरलं आणि ग्रंजवाली पोरंही कोरसच्या प्रेमात पडली.

पर्याय काय काय?

भावाचं बजेट दहा-बारा हजारांचं. मावशीचं म्हणणं, 'एवढ्या पैशात नवा मिक्सर आला असता.' (बँडवाल्यांनाही मिक्सर लागतो, पण तो वेगळा!) बाजारात दोन-तीन हजारांपासून वीस हजारांच्या पुढेही पेडल आहेत. मग आम्ही गाळणी लावली.

बॉस सीएच-१ हे पेडल १९८९ पासून आहे. चार नॉब, स्टिरिओ आउटपुट, आवाज झगझगीत. सुरुवातीला अ‍ॅनालॉग होतं, नंतर डिजिटल झालं. त्यामुळे जुनं घेताना कुठल्या काळातलं हे विचारा. सीई-२डब्ल्यू २०१६ मध्ये आलं, त्यात सीई-२ आणि सीई-१ दोन्हींचे आवाज मिळतात. मस्त आहे, पण खिसा हलका करतं. एमएक्सआरच्या अ‍ॅनालॉग कोरसला पाच नॉब आहेत, त्यातले लो आणि हाय हे दोन आवाज आपल्या अ‍ॅम्पला जुळवून घ्यायला कामाचे. स्मॉल क्लोनला तर एकच नॉब आणि एक स्विच. ज्यांना सेटिंगमध्ये वेळ घालवायचा नाही त्यांच्यासाठी फिट्ट. बेरिंगर, मूअरसारख्या ब्रँडची पेडलं स्वस्तात मिळतात. हौस तपासून बघायची तर ती काही वाईट नाहीत.

आता एक हिशेबाची गोष्ट. स्टिरिओ आउटपुटची खरी मजा दोन अ‍ॅम्प असतील तरच येते. भावाकडे अ‍ॅम्प एकच. मग त्या जादा भोकाचे पैसे कशाला मोजायचे? आणि त्याही आधीचं एक काम म्हणजे तुमच्या अ‍ॅम्पकडे नीट बघा. अनेक प्रॅक्टिस अ‍ॅम्पमध्ये कोरस आधीपासूनच असतो आणि मालकाला पत्ता नसतो. भावाच्या अ‍ॅम्पमध्ये नव्हता, म्हणून गाडी पुढे गेली.

करंट का मामला

पेडलच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही असा मुद्दा म्हणजे वीज. आपल्या गावातली वीज म्हणजे कधी कमी, कधी जास्त, मध्येच गायब. मग इन्व्हर्टर सुरू. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह नाही तर चौकोनी वेव्ह देतात आणि मग अ‍ॅम्पमधून भुंग्यासारखा आवाज येतो. त्यात सिंगल-कॉइल पिकअपची गिटार असेल तर ५० हर्ट्झचा 'हूं' फुकट!

हा आवाज कुठून येतोय हे शोधायची सोपी युक्ती आहे. पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी टाका आणि अडॅप्टर काढा. आवाज गेला? दोषी अडॅप्टर. नाही गेला? मग पिकअप, केबल किंवा घरातलं अर्थिंग बघा. पेडल बदलून तो जाणार नाही.

बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं, तेही मधली पिन निगेटिव्ह असलेलं. घरातल्या कीबोर्डचा १२ व्होल्टचा अडॅप्टर 'बसतोय ना' म्हणून खोचलात तर पेडलचं श्राद्ध घालावं लागेल. आणि हो, सेकंडहँड जपानी सीई-१ स्वस्तात दिसलं तर थांबा. ते जपानच्या १०० व्होल्टवर चालणारं असतं, आपल्या २३० वर धूर निघेल.

चलो मुंबई

व्हिडिओ बघून पेडल घेणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं. भाऊ जवळच्या दुकानात जाऊन आला होता. तिथे तबले होते, कीबोर्ड होते, अकूस्टिक गिटारी होत्या. कोरस पेडल म्हटल्यावर काउंटरवरच्या काकांनी विचारलं, 'सायकलचं का?'

मग काय! रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली आणि सकाळी सीएसएमटी. तिथून चालत धोबी तलाव. १८६५ पासूनचं फुर्टाडोज याच भागातलं. आजूबाजूला वाद्यांची आणखीही दुकानं आहेत. भावानं स्वतःची गिटार सोबत नेली होती. दुकानातल्या महागड्या गिटारवर कुठलंही पेडल गोडच वाजतं हो!

दुपारपर्यंत त्यानं चार पेडलं वाजवली. प्रत्येकावर तेच तीन तुकडे, तीच सेटिंग. त्यातलं एक झुलायला सुंदर होतं, पण ऑन केलं की आवाज दबायचा. एकात वाजवणं थांबवलं की मागे बारीक 'टिक-टिक' ऐकू यायची. महागडं होतं ते अर्थातच झकास. पण त्याचा निम्मा मान तर नॉबांना होता, जे त्यानं कधीच फिरवले नसते.

शेवटी त्यानं दोन नॉबांचं एक साधं अ‍ॅनालॉग पेडल घेतलं. उरलेल्या पैशात प्रत्येक पेडलला स्वतंत्र वीज देणारा आयसोलेटेड पॉवर सप्लाय. दुकानदारालाही आश्चर्य वाटलं. पण 'हूं'शी लढणाऱ्या माणसाला हेच शहाणपण!

टिप्स : खरेदीआधी हे करून बघा

* आपली गिटार, आपली केबल. जमलं तर अ‍ॅम्पही आपल्यासारखाच मागा.
* ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा. आधी क्लीन आवाजावर एक ओपन जी कॉर्ड सोडून द्या आणि ती विरेपर्यंत ऐका.
* मग जाड तारेवर एकेक सूर. सूर फाटल्यासारखा, बेसूर वाटला तर डेप्थ कमी करा. तरीही तेच? पुढचं पेडल.
* ऑन-ऑफ, ऑन-ऑफ. आवाज पडतो का बघा.
* सुरुवात रेट कमी, डेप्थ मध्यावर. भराभर स्ट्रमिंगला डेप्थ आणखी खाली, नाहीतर गिटार पाण्यात बुडाल्यासारखी वाटते.
* क्रम लक्षात ठेवा. गिटार, ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब, अ‍ॅम्प. मोडायला हरकत नाही, पण आधी ऐकून घ्या.
* सेकंडहँड घेताना बॅटरीचा कप्पा उघडा. हिरवट गंज दिसला किंवा नॉब फिरवताना खरखर आली तर भाव पाडा किंवा सोडा.
* अजून नक्की काय हवंय तेच कळत नाही? मग स्वस्त मल्टी-इफेक्ट किंवा मोबाइल अ‍ॅपवर महिनाभर खेळा.

मग पोकळी भरली का?

खरं सांगायचं तर अर्धी. कोरसनं आवाजाला अंग आलं. संथ गाण्यांतल्या मोकळ्या तारा एकदम भरून आल्या, कीबोर्डवाल्यानंही 'वा' म्हटलं. पण कोरस तुम्ही वाजवता तेच दुप्पट करतो, तुमच्या मनात नसलेलं काही वाजवत नाही. दुसरा गिटारवाला मध्येच जी वेगळी ओळ घालायचा, डोळ्यांनी खुणावून गाणं एक आवर्तन लांबवायचा, ते कुठल्या चिपमधून येणार? हे भावाला पहिल्याच प्रॅक्टिसला कळलं. त्यानं मग गाणीच तिघांसाठी नव्यानं बसवली. काही सोडून दिली. प्रॅक्टिस पुन्हा दर शनिवारी सुरू झाली, आणि माझ्या मते बोनस तिथेच वसूल झाला.

गणपतीत पुण्याचा दोस्त सुट्टीवर आला. गिटार घेऊनच. सोसायटीच्या मांडवात दोघं तासभर वाजवत होते. मी फोनवर रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, 'अरे, साउंड काय भारी आलाय! कुठलं सेटिंग?'

तो म्हणाला, 'ताई, पेडल बंद होतं.'