नसलेला बोजा

जमीन घेताना आपल्याकडचा माणूस आधी सातबारा उघडतो आणि 'इतर हक्क' या रकान्यावरून बोट फिरवतो. तिथे बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा दिसला की हात आखडतो. बोजा कुणालाच नको असतो. पण कॅलिफोर्नियात एका माणसाने आपल्या राहत्या घरावर हौसेने एक बोजा चढवून घेतला, आणि तो खोटा आहे एवढं ठरायला पाच वर्षं लागली. त्यातून निघालेला प्रश्न आणखी पाच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुटला. खटल्याचं नाव 'लॉ विरुद्ध सिगल'. लॉ हे ऋणकोचं आडनाव, सिगल हा त्याच्या दिवाळखोरीत नेमलेला ट्रस्टी.

खोटा बोजा कशासाठी, हे कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली अर्ज केला की ऋणकोची मालमत्ता ट्रस्टीच्या ताब्यात जाते. ट्रस्टी ती विकतो, पैसे धनकोंना वाटतो, आणि उरलेली बहुतेक देणी कायमची पुसली जातात. मात्र अंगावरचं सगळंच काढून घेत नाहीत. लॉने जानेवारी २००४ मध्ये अर्ज केला तेव्हा कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीतले ७५,००० डॉलर त्याच्यासाठी राखीव होते. घराची किंमत त्याने सांगितली ३,६३,३४८ डॉलर. त्यावर बँकेचं पहिलं गहाण सुमारे १,४७,००० डॉलरचं आणि दुसरं, एका बाईच्या नावे, सुमारे १,५७,००० डॉलरचं. दोन्ही वजा केली तर उरतात जेमतेम ५९,०००. राखीव रक्कमच त्याहून मोठी. घर विकून धनकोंच्या पदरात दमडी पडणार नसेल, तर ट्रस्टी ते विकेल कशाला? आता दुसरं गहाण पुसून हिशेब पुन्हा करा: त्याच घरातून धनकोंसाठी १,४१,००० डॉलर निघतात. एका कागदाने एवढी रक्कम अदृश्य केली होती.

सिगलने त्या कागदाचा माग काढला आणि मग ज्या गोष्टी पुढे आल्या, त्या मी तीनदा वाचल्या. पैसे देणारी म्हणून एकाच नावाच्या दोन बायका निघाल्या. एक कॅलिफोर्नियातच राहणारी. तिने साफ सांगितलं, की मी या माणसाला कधीच कर्ज दिलं नाही, उलट तोच मला बनावट व्यवहारांत ओढू पाहत होता. दुसरी म्हणे चीनमध्ये राहणारी, इंग्रजी न येणारी. पण ही न दिसणारी, इंग्रजी न येणारी बाई इंग्रजीत अर्ज करत होती, अपिलं करत होती आणि पाच वर्षं लढत होती! २००९ मध्ये दिवाळखोरी न्यायालयाने निर्णय दिला: कर्ज काल्पनिक आहे, आणि तिच्या नावाने आलेले निदान काही कागद बहुधा लॉनेच लिहिले, सह्या करून दाखल केले.

हे सिद्ध करताना वकिलांच्या फीपोटी ट्रस्टीचा खर्च झाला पाच लाख डॉलरच्या वर. घराच्या किमतीपेक्षाही जास्त. न्यायाधीशांनी लॉच्या राखीव ७५,००० डॉलरवर हात ठेवला आणि ते या खर्चापोटी वळते केले. वरच्या दोन्ही न्यायालयांनी मान डोलावली. आपणही डोलावली असती.

४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी तो आदेश रद्द केला. निकाल लिहिला अँटोनिन स्कालिया यांनी. कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की राखीव मालमत्ता दिवाळखोरीच्या कामकाजाच्या खर्चापोटी वापरता येणार नाही, आणि वकिलांची फी हा असाच खर्च. न्यायाधीशाला न्यायासाठी योग्य ते आदेश काढण्याचा मोठा अधिकार आहे, पण कायद्याचे शब्द ओलांडण्याचा नाही. ही राखीव रकमेची सूट कधी मिळणार नाही याचे अपवादही कायद्याने स्वतःच मोजून दिलेत. न्यायाधीशाने त्यात आपला एक घालायचा नाही. शिवाय लॉच्या सुटीला मुदतीत कुणी हरकतच घेतली नव्हती. ही मुदत किती कडक असते, ते १९९२ च्या 'टेलर विरुद्ध फ्रीलँड अँड क्रॉन्झ' या खटल्यात ठरून गेलं होतं: ट्रस्टीने ३० दिवसांत हरकत घेतली नाही, तर सुटीचा दावा मुळात निराधार असला तरी टिकतो. ट्रस्टीवर अन्याय होतोय हे स्कालियांनी मान्य केलं, आणि तरीही निकाल बदलला नाही.

पहिल्या वाचनात मला राग आला. नंतर त्या रागाचीच नोंद घ्यावीशी वाटली, कारण दिवाळखोरीच्या कायद्याचा इतिहास म्हणजे बराचसा या रागाचाच इतिहास. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात लबाड दिवाळखोराला चौकात खोड्यात उभं करून त्याचा कान खिळ्याने ठोकायची आणि कापायची तरतूद होती. मग १७०५ चा कायदा आला. प्रामाणिकपणे सगळं स्वाधीन करणाऱ्याची देणी पुसली जातील, हे वचन इंग्लंडने त्यात पहिल्यांदा दिलं. आणि लपवाछपवी करणाऱ्याला फाशी, हेही त्याच कायद्यात. कर्जमुक्ती आणि फास एका कागदावर जन्मले. १७६१ मध्ये जॉन पेरट नावाचा कापडवाला पैसे लपवल्याबद्दल लंडनच्या स्मिथफील्डमध्ये खरोखर फासावर गेला. ही शिक्षा १८२० पर्यंत पुस्तकात होती.

आजची हत्यारं निराळी आहेत, आणि त्यांचा नेम किती बारीक आहे हे पाहून थक्क व्हायला होतं. शपथेवर खोटं सांगितलं, मालमत्ता दडवली, वह्या नष्ट केल्या, तर पूर्ण कर्जमुक्तीच नाकारता येते: माणूस दिवाळखोर होतो आणि देणी जशीच्या तशी मानेवर राहतात. ठरावीक धनकोला फसवून घेतलेलं कर्ज असेल, तर तेवढं एकच कर्ज शिल्लक ठेवतात, बाकीची पुसतात. खोट्या कागदांबद्दल दंड वेगळा आणि गुन्हा म्हणून पाच वर्षांपर्यंत कैद वेगळी. पण डोक्यावरच्या छपराची रक्कम या रागापासून बाजूला ठेवलेली. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० उघडा: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं बियाणं, धार्मिक रूढीप्रमाणे बाईला उतरवता न येणारे दागिने यांवर जप्ती नाही. माणूस खरं बोलला का, हा प्रश्न त्या यादीत कुठेच विचारलेला नाही.

लबाड माणसाला एवढं मिळतं, मग प्रामाणिक माणूस तर सुटतच असेल? २०२३ चा 'बार्टनवर्फर विरुद्ध बकली' वाचेपर्यंत मलाही तसंच वाटायचं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका जोडप्याने २००५ मध्ये घर घेतलं, डागडुजी करून विकलं. काम सगळं तो बघत होता. गळकं छप्पर, सदोष खिडक्या, आग लागल्यास उतरायचा जिनाच नाही. यातलं काही घेणाऱ्याला सांगितलं नव्हतं. ज्यूरीने दोन लाख डॉलरच्या वर भरपाई ठरवली आणि जोडप्याने दिवाळखोरी पत्करली. तिला फसवणुकीची कल्पना नव्हती, असं दिवाळखोरी न्यायालयानेच शेवटी मानलं. तरीही तिचं देणं पुसलं गेलं नाही. बायको म्हणून नव्हे, त्या व्यवहारातली भागीदार म्हणून. पुन्हा नऊ विरुद्ध शून्य.

कारण व्याकरणात होतं. कायदा म्हणतो, फसवणुकीने 'मिळवलेला' पैसा असेल, तर त्याचं देणं पुसलं जाणार नाही. कुणी मिळवलेला? कर्ता नाही. शाळेत आपण कर्मणी प्रयोगाची वाक्यं बदलून लिहायचो, तो प्रयोग इथे एका बाईच्या डोक्यावर कर्ज ठेवून गेला. आणि हा कर्ता चुकून निसटलेला नाही. १८६७ च्या कायद्यात 'दिवाळखोराची' लबाडी असं लिहिलेलं होतं. तरी १८८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका भागीदाराच्या लबाडीसाठी निरपराध भागीदारांचं कर्ज कायम ठेवलं. त्यानंतर १८९८ चा नवा कायदा करताना काँग्रेसने ते शब्द गाळले. इंग्रजीत तीन, मराठीत एकच. सव्वाशे वर्षांनी न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी त्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.