समुद्र ओलांडून येणारी सांथ

पॅसिफिक महासागराचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगलेला असतो, तेव्हां त्यांतील बेटें आमच्यांपैकीं बहुतेकांस माशी बसून गेल्याच्या खुणांसारखीं दिसतात. परंतु त्या एकेका ठिपक्यावर गांवें आहेत, शाळा आहेत, आणि घरोघर डुकरें व कोंबड्या आहेत. या जनावरांवर अद्याप न आलेल्या रोगाशीं लढण्याची सिद्धता तो येण्यापूर्वींच करून ठेवणें हा आज कांहीं थोड्या पशुवैद्यांचा व्यवसाय झाला आहे. त्या व्यवसायाची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु.

आपल्याकडे गुरांचा डॉक्टर म्हटला म्हणजे म्हशीनें चारा टाकला किंवा बैलाचा पाय सुजला कीं ज्यास बोलावणें जातें तो गृहस्थ, अशी समजूत आहे, आणि ती खोटी नाहीं. बेटांवरील तज्ज्ञाचें काम मात्र निराळें. तो गांवांत येतो तेव्हां बहुधा एकही जनावर आजारी नसतें. तो डुकरें मोजतो. कोणाचीं मोकाट फिरतात व कोणाचीं बांधलेलीं असतात याची नोंद करतो. धक्क्यास लागणाऱ्या आगबोटींतील खरकटें कोठें जातें, हें पुन्हां पुन्हां विचारतो. गांवकऱ्यांस हा उद्योग रिकामपणाचा वाटला तर नवल नाहीं.

ज्या रोगाच्या भयानें हा खटाटोप चालतो त्यांतील मुख्य म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीव्हर, अर्थात् डुकरांचा आफ्रिकी ज्वर. केनियांतील या रोगाचें वर्णन माँटगोमेरी नांवाच्या पशुवैद्यानें १९२१ सालीं प्रसिद्ध केलें. आफ्रिकेंतील रानडुकरांच्या अंगांत हा विषाणु असूनही तीं खुशाल असतात, आणि एका जातीच्या गोचिडी तो एकाकडून दुसऱ्याकडे पोंचवितात. पाळीव डुकरास मात्र तो लागला कीं कडक ताप भरतो, तें खाणें सोडतें, कानांवर व पोटावर तांबडे-निळसर डाग उठतात, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेक कळप मरून जातो. यावर औषध नाहीं. व्हिएतनामनें २०२२ सालीं एका लशीस परवानगी दिली खरी, परंतु बहुतेक देशांनीं तिचा स्वीकार केलेला नाहीं. मनुष्यास या रोगापासून मुळींच अपाय होत नाहीं, आणि आमच्या मतें त्याच्या प्रसाराचें एक मोठें कारण हेंच आहे. ज्या मांसानें आपणांस कांहीं होत नाहीं, तें पिशवींत घालून परगांवीं नेतांना कोण कचरतो?

हा विषाणु खारविलेल्या, वाळविलेल्या वा गोठविलेल्या मांसांत महिनोन् महिने जिवंत राहतो. प्रवाशानें अर्धवट खाऊन टाकलेला मांसाचा तुकडा उकिरड्यावर पडला, डुकरानें तो खाल्ला, कीं सांथीस आरंभ झाला. १९५७ सालीं हा रोग आफ्रिका सोडून प्रथम युरोपांत, पोर्तुगालमधील लिस्बन शहराजवळ प्रकट झाला, तो विमानतळावरील खरकटें डुकरांस चारल्यामुळें, असें मानतात. पुढें २०१८ सालीं तो चीनमध्यें शिरला, २०१९ सालीं पूर्व तिमोरमध्यें, आणि २०२० च्या मार्च महिन्यांत पापुआ न्यू गिनीमध्यें. तेथून पुढें सर्व पॅसिफिक महासागर पसरलेला आहे.

आतां बेटाची गोष्ट अशी कीं, समुद्र हा त्याचा तट असतो. म्हणूनच रोगांवर संशोधन करणारांनींही बेटांचा आश्रय केला. जर्मनींतील लोफ्लर यांनीं लाळ-खुरकुत रोगावरील आपली प्रयोगशाळा १९१० सालीं रीम्स नांवाच्या लहानशा बेटावर नेली, कारण पूर्वींच्या जागेवरून रोग आसपासच्या गोठ्यांत पसरूं लागला होता. आमच्या वाचकांस जवळचें उदाहरण हवें असल्यास, १८८९ सालीं पुणें येथें स्थापन झालेली सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, तीही निर्जन जागा पाहूनच. जेथें समुद्र नाहीं तेथें मनुष्यानें डोंगराचें बेट केलें! या प्रयोगशाळेनें ज्या बुळकांडीशीं झुंज घेतली, ती बुळकांडी २०११ सालीं सर्व पृथ्वीवरून नाहींशी झाल्याचें जाहीर झालें.

परंतु तटाला दरवाजा असतोच. आइसलँडनें १९३३ सालीं आपल्या मेंढ्यांचें बीज सुधारावें म्हणून जर्मनीहून काराकुल जातीच्या २० मेंढ्या आणविल्या. त्या निरोगी असल्याचे दाखले होते. शिवाय त्यांस एका लहान बेटावर दोन महिने क्वारंटाईनमध्यें ठेवलें होतें. तरी त्यांच्याबरोबर फुप्फुसाचे व आंतड्याचे असे रोग आले कीं, ज्यांचीं लक्षणें दिसावयास वर्षें लागतात. दोन महिन्यांचा पहारा त्यांस काय अडविणार? पुढें प्रांतच्या प्रांत मेंढ्यांवांचून मोकळे करावे लागले, आणि त्यांतील मेडी नांवाचा रोग निपटण्यास १९६५ साल उजाडलें. ज्या बेटानें पिढ्यान् पिढ्या रोग पाहिलेला नसतो, तेथील जनावरांच्या अंगीं त्यास तोंड देण्याची शक्तीही नसते, आणि तेथील माणसांच्या डोळ्यांस तो ओळखूंही येत नाहीं.

पॅसिफिकमधील बेटांवर डुकराची योग्यता काय आहे, हें समजल्यावांचून पुढील अडचण ध्यानांत यावयाची नाहीं. आपल्याकडे या प्राण्याविषयीं फारसा आदर नाहीं. वानुआतू देशाच्या निशाणावर मात्र डुकराचा वळलेला सुळा आहे. तेथें वरचे सुळे काढून टाकून खालचे वर्षानुवर्षें वाढूं देतात, ते वाढतां वाढतां कड्याप्रमाणें गोल होतात, आणि असें डुकर ज्याच्या दारीं तो मनुष्य मानकरी. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरी मुलखांत लग्नाचें देज डुकरांत मोजतात, आणि दोन कुळांतील भांडण मिटवितांना दंडही डुकरांतच भरतात. आपल्या शेतकऱ्याच्या घरीं दुभती म्हैस आणि बायकोच्या गळ्यांतील डाग मिळून जें काम करतात, तें तेथें एकटें डुकर करतें.

अशा ठिकाणीं पशुवैद्य किती असावेत? कित्येक बेटराष्ट्रांत सरकारी पशुवैद्य एखादाच, आणि कांहीं ठिकाणीं तोही नाहीं. किरिबाटी या देशाचेंच पाहा. त्याचीं ३३ बेटें असून सर्व मिळून जमीन सुमारें ८११ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. परंतु राजधानी तारावा येथून त्याच देशाचें किरितिमाती बेट ३,००० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथें रोग आल्याची बातमी लागल्यावर तज्ज्ञानें निघावयाचें म्हटलें, तर तो पोंचेपर्यंत पाहावयास डुकरें उरणार नाहींत.

म्हणून पहिलें काम म्हणजे बेटावरच माणसें तयार करणें. गांवांतील चलाख तरुण-तरुणींस निवडून त्यांस रोगाचीं लक्षणें, रक्ताचा नमुना घेण्याची रीत, हात-पाय व पादत्राणें धुण्याचा क्रम हें सर्व प्रत्यक्ष करवून शिकवितात. यांत एक बारीक मुद्दा आहे. डुकरांचा आणखी एक जुना ज्वर आहे, आणि त्याचीं लक्षणें या आफ्रिकी ज्वरासारखींच असतात. नुसत्या डोळ्यांनीं दोहोंतील भेद कळत नाहीं. तेव्हां नमुना प्रयोगशाळेंतच गेला पाहिजे. अशी मोठी प्रयोगशाळा ऑस्ट्रेलियांत जिलाँग येथें आहे. परंतु विषाणु असलेलें रक्त टपालानें कोण घेईल? तें तीन आवरणांत बंद करावें लागतें, विमान कंपनीची संमति लागते, दोन्ही सरकारांचे परवाने लागतात, आणि वाटेंत बर्फ वितळूं नये याची व्यवस्था लागते. हे कागद सांथ आल्यावर गोळा करूं लागलें तर आठवडे जातात. म्हणून तज्ज्ञ ते शांततेच्या काळांतच भरून ठेववितो, आणि कधीं कधीं निरोगी डुकराचें रक्त पाठवून वाट मोकळी आहे कीं नाहीं याची रंगीत तालीमही घेतो.

दुसरा प्रश्न ऐकावयास ओंगळ, पण टाळतां न येणारा आहे. मेलेलीं डुकरें पुरावयाचीं कोठें? आपण म्हणूं, खोल खड्डा खणावा. प्रवाळद्वीपावर पुरुषभर खणण्यापूर्वींच पुष्कळदां पाणी लागतें, आणि तेंच पाणी विहिरींतून लोक पितात. जाळावें म्हटलें तर लांकूड नाहीं. समुद्रांत लोटावें तर भरतीबरोबर प्रेत शेजारच्या गांवाच्या किनाऱ्यास लागावयाचें. अशा बेटावरील सिद्धता म्हणजे तेथील वडीलधाऱ्या मंडळींबरोबर किनाऱ्यानें हिंडून, विहिरींपासून दूर अशी उंचवट्याची जागा आधींच ठरविणें. जमीन कोणत्या कुळाची, तिच्यावर पूर्वजांचीं थडगीं आहेत काय, हें परक्या तज्ज्ञास कोठून ठाऊक असणार! तें गांवांतील आजीबाईसच विचारावें लागतें.

या सर्वांहून कठीण गोष्ट पुढेंच आहे. आपलें डुकर आजारी पडलें, हें सांगावयास धणी पुढें येईल काय? सांगितलें तर अधिकारी येऊन त्याचींच नव्हे, तर शेजाऱ्याचीं धडधाकट डुकरेंही मारणार. न सांगितलें तर आजारी जनावर आज रातोरात मारून मांस विकतां येतें, चार पैसे तरी सुटतात. गरीब मनुष्य काय करील हें सांगावयास नको. आणि त्या विकलेल्या मांसाबरोबरच रोग दहा गांवीं जातो.

हैती देशांत काय घडलें तें या ठिकाणीं विस्तारानें सांगणें अवश्य आहे. कॅरिबियन समुद्रांतील हिस्पॅनिओला या एकाच बेटावर डोमिनिकन रिपब्लिक व हैती हे दोन देश नांदतात. पहिल्या देशांत १९७८ सालीं हा ज्वर आला, आणि लौकरच हैतींतही पोंचला. तो अमेरिका खंडाच्या मुख्य भूमीवर जाईल या भीतीनें अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्या पैशानें १९८१ ते १९८३ या काळांत हैतींतील एकूण एक डुकरें मारण्याची मोहीम झाली. हैतीचें गांवठी डुकर काळें, बुटकें, काटक. केळीच्या साली व पडलेले आंबे खाऊन तें वाढे. शेतकऱ्याची तीच पेढी होती. मुलांच्या शाळेची फी भरावयाची वेळ आली कीं एक डुकर विकावें, घरांत कोणी आजारी पडलें कीं दुसरें. मोहिमेंत कांहींस भरपाई मिळाली, पुष्कळांस ती पुरेशी मिळाली नाहीं, आणि कित्येकांच्या हातीं एक छदामही पडला नाहीं. नंतर अमेरिकेहून पांढरीं मोठीं डुकरें आणून वांटलीं. त्यांस पक्कें छप्पर हवें, स्वच्छ पाणी हवें, विकतचें खाद्य हवें. धण्याच्या झोंपडीस जें नव्हतें, तें डुकरास कोठून मिळणार? लोक त्यांस चेष्टेनें चार पायांचे राजपुत्र म्हणूं लागले. शाळांतील मुलांची संख्या घटली. शास्त्राच्या हिशेबानें मोहीम पूर्ण यशस्वी झाली होती. रोग बेटावरून गेला होता. २०२१ सालीं तो दोन्ही देशांत परत आला.

माल्टा या लहान बेटानेंही १९७८ सालीं आपलीं सर्व डुकरें मारून रोग घालविला. सार्डिनिया बेटावर तो त्याच वर्षीं आला. परंतु तेथें रानांत मोकाट चरणारीं, कोणाच्याच नोंदीस नसलेलीं डुकरें फार, आणि मालक सरकारास दाद देईनात. तेथील शेवटचे निर्बंध उठावयास २०२४ साल यावें लागलें. एकच विषाणु, एकाच समुद्रांतील दोन बेटें, आणि मध्यें ४६ वर्षांचें अंतर!

म्हणून आजचा जाणता तज्ज्ञ सिद्धतेच्या योजनेंत औषधांच्या यादीच्याही आधीं भरपाईचें कलम घालतो. लहान पिल्लास किती, गाभण मादीस किती, पैसे कोणत्या खात्यांतून व किती दिवसांत द्यावयाचे, हें कळपांत सर्व कुशल असतांनाच ठरवून गांवसभेंत वाचून दाखवावयाचें. वानुआतूमधील गोल सुळ्याच्या डुकराची किंमत काय धरावी, हा प्रश्न कोणत्याही मुलखांतील हिशेबनीसास घाम फोडील.

आपल्याकडेही २०२२ सालीं लम्पी रोगाच्या वेळीं गुरांचे बाजार बंद झाले होते, तें वाचकांच्या स्मरणांत असेल. बाजार बंद करण्याचा हुकूम काढणें सोपें असतें, पाळणें कठीण. पापुआ न्यू गिनीमध्यें २०२० सालीं डोंगरी प्रांतांतून खालीं डुकरें व मांस नेण्यास बंदी करून रस्त्यांवर चौक्या बसविल्या. त्याच महिन्यांत करोनाच्या महामारीमुळें जगांतील विमानें उभीं राहिलीं, आणि परदेशीं तज्ज्ञ असून नसल्यासारखे झाले. जें कांहीं करावयाचें तें तेथल्याच माणसांनीं, पूर्वीं शिकलें होतें तेवढ्याच विद्येवर केलें.

सांथ सरल्यावरही तज्ज्ञाचें काम संपत नाहीं. गोठे खरवडून धुवावयाचे, औषध शिंपडावयाचें, आणि मग सुमारें चाळीस दिवस ते रिकामे ठेवावयाचे. त्यानंतर सगळा कळप एकदम आणीत नाहींत; पूर्वीं दहा डुकरें असतील तेथें एकच पिल्लू आणून सोडतात. यांस पहारेकरी डुकरें म्हणतात. सहा आठवडे रोज सकाळीं कोणी तरी जाऊन तें खातें कीं नाहीं, कान तांबडे झाले कीं काय, हें पाहून वहींत लिहितो. पिल्लू जगलें, रक्ताची परीक्षा निर्दोष आली, म्हणजे उरलेलीं नऊ आणावयास परवानगी मिळते.