हरकतीचे तीस दिवस

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या जठारपेठेतील घराचे जुने फडताळ रिकामे करीत असता तळाशी अंथरलेले वर्तमानपत्राचे एक पिवळे पान हाती आले. धूळ झटकून पाहतो तो कोपऱ्यात बारीक टाईपात एक जाहीर सूचना : अमुक सर्व्हे नंबरातील क्रीडांगणाचे आरक्षण वगळून ती जागा निवासी उपयोगास देण्याचे योजिले आहे, हरकत असल्यास एक महिन्याच्या आत लेखी कळवावी. ज्या जागेवर आमच्या घरची मुले विटीदांडू खेळली व जिच्यावर आज चार मजली इमारत उभी आहे, तीच ही जागा! पाया खणला जात असता ‘आम्हांला कोणी विचारलेच नाही’ अशी सर्वांत मोठ्याने तक्रार करणारे आम्हीच होतो. “भाऊजी, पेपर तर आपल्या घरात रोज पाच जण वाचतात!” वहिनी म्हणाल्या. त्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. विचारले तर होते; तो प्रश्नच आम्ही फडताळात अंथरला होता.

ही चूक आमच्या एकट्याच्या घरची नसावी, म्हणून वाचकांपुढे ती कबूल करीत आहो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्यान्वये शहराचा प्रारूप विकास आराखडा तयार झाला की त्याची सूचना राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, आणि सामान्यतः तीस दिवसांत कोणाही नागरिकास हरकत वा सूचना नोंदविता येते. त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती असते. तिच्यात लोकप्रतिनिधी तीन व शासनाने नेमलेले जाणकार चारपर्यंत. हरकत घेणारास समक्ष बोलण्याची संधी मिळते, व त्यानंतरच आराखडा शासनाच्या मंजुरीस जातो. तो एकदा मंजूर झाला की वीस वर्षांच्या आत त्याची फेरतपासणी व्हावी असा दंडक आहे. म्हणजे तीस दिवस झोपलो, तर एक पिढी पस्तावते. आराखड्यास धरून शेजारी उंच इमारत उठली, तर तिला परवानगी देताना आपणांस कोणी विचारीत नाही. बोलण्याची वेळ ती नव्हे, आराखड्याची होय.

बोलून काय होते, असे निराश गृहस्थ विचारतील. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. लोकांनी नकाशे पाहिले, चुका दाखविल्या, हजारोंनी हरकती धाडल्या. आणि एप्रिलमध्येच तो नव्याने करण्याचा आदेश शासनास द्यावा लागला. सुधारलेला आराखडा २०१६ साली आला व २०१८ साली मंजूर झाला.

नगररचना ही लोकांना बरोबर घेऊन करावयाची गोष्ट आहे, हे पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते. होळकरांच्या इंदुरात काम करताना त्यांनी दिवाळीची मोठी मिरवणूक काढविली, आणि जे रस्ते लोक सर्वांत स्वच्छ करतील तेथूनच ती जाईल असे जाहीर केले. नकाशा काढण्याआधी गाव पायी हिंडून पाहावे, हा त्यांचा आग्रह.

उत्साह आपल्या अकोल्यातही उणा नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी मोर्णामाईच्या स्वच्छतेसाठी सहा हजारांहून अधिक नागरिक, आबालवृद्ध, काठावर उतरले होते. त्यांतील शतांश जरी नकाशा पाहावयास गेले, तरी काठाचे भवितव्य निराळे होईल.

मात्र एक पथ्य. ‘उद्यान हवे ते आमच्या दारी, कचऱ्याचे आगार हवे ते दुसऱ्याच्या’ ही हरकत नव्हे, तो स्वार्थ. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडते त्याचेही दुःख आहेच. म्हणूनच दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकास नोटीस देता येते; पुढे चोवीस महिन्यांतही पावले न पडल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. तेव्हा मैदान मागणाराने त्यासाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला आहे काय, हेही विचारले पाहिजे.

आमच्या घरी आता एक रिवाज पडला आहे. सकाळच्या चहाबरोबर धाकटी नातसून जाहीर सूचनांचा रकाना मोठ्याने वाचते. हरकत कशी लिहावी तेही ठरले आहे : सर्व्हे नंबर व रस्त्याचे नाव प्रथम, मागणी एका वाक्यात, कारण दोन वाक्यांत, खाली सह्या, पोच घेतल्यावाचून परत फिरावयाचे नाही आणि सुनावणीस जावयाचेच. पाणी कोठे तुंबते, मुले रस्ता कोठे ओलांडतात, सावलीचे झाड कोणते, हे घरातील स्त्रिया व वृद्ध जितके जाणतात तितके नकाशा काढणारा जाणत नाही. ते त्याला सांगणे आपले काम.

गेलेले मैदान परत येणार नाही. ते पिवळे पान आम्ही टाकले नाही. देवघराशेजारील भिंतीवर चिकटविले आहे.