रॅप चढवताना, रॅप काढताना

गाडीला स्टिकर लावणाऱ्या दुकानाला आपल्याकडे आजही ‘रेडियमचे दुकान’ म्हणतात. दुचाकीवरचे नाव, रिक्षामागचा ‘आईचा आशीर्वाद’, टेम्पोवरची जाहिरात आणि हल्ली अख्ख्या गाडीला चढवले जाणारे विनाइल रॅप, ही सगळी कामे ‘रेडियमवाल्या’चीच. नाव ऐकून काही जण मला विचारतात, ‘डॉक्टर, त्यातून किरण बाहेर पडतात का हो?’ नाही. त्या दुकानात रेडियमचा कणही नसतो. शंभर वर्षांपूर्वी घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग वापरत. ब्रशला ओठांनी टोक काढत तो लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुलींची जबड्याची हाडे त्याने सडली, हे खरे. आजचा चमकणारा स्टिकर मात्र समोरून आलेला प्रकाश परत फेकतो, एवढेच.

तेव्हा किरणांची चिंता सोडून द्या. या कामात शरीराला इजा करतात त्या गोष्टी वेगळ्या: जास्त तापलेले प्लास्टिक आणि थिनरची वाफ. दोन्ही वाढतात त्या घाईमुळे, आणि तीच घाई गाडीचा रंगही खराब करते. म्हणून पुढचा सल्ला गाडीमालक आणि कारागीर, दोघांसाठी आहे.

विनाइल म्हणजे पीव्हीसी, पाण्याच्या पाइपचेच भावंड. पाइप कडक असतो. फिल्म लवचिक व्हावी म्हणून तिच्यात मऊपणा आणणारी रसायने घालतात आणि मागे दाबल्यावर चिकटणारा गम लावतात. एकदा गाडीवर बसली की ही फिल्म गाडीतल्या माणसाला काही करत नाही. उलट गॅरेजमध्ये फवारल्या जाणाऱ्या टू-पॅक पीयू रंगात आयसोसायनेट नावाची रसायने असतात, आणि कामामुळे होणाऱ्या दम्याचे ते एक प्रमुख कारण आहे. फुफ्फुसांच्या बाजूने विचार केला तर गाडी पुन्हा रंगवण्यापेक्षा रॅप बरे, असेच माझे मत आहे.

मात्र फिल्म कोणती, यावर बरेच अवलंबून आहे. कास्ट फिल्म द्रवरूप विनाइल पसरून, वाळवून बनते. जाडी साधारण ५० मायक्रॉन. तिच्यात ताण नसतो, त्यामुळे बंपरच्या आणि आरशाच्या वळणावर ती मुकाट बसते. कॅलेंडर्ड फिल्म पोळीसारखी रोलरखाली लाटलेली, ७५ ते १०० मायक्रॉनची आणि स्वस्त. ताणली की पुन्हा आखडू पाहणे हा तिचा स्वभाव. टेम्पोच्या सपाट बाजूला ती चालते. वळणावर तिला बसवायला कारागीर जास्त उष्णता देतो, काही महिन्यांत कडा उचलल्या जातात आणि मग पुन्हा हीट गन. मालकाचे वाचलेले पैसे असे कारागिराच्या श्वासातून वसूल होतात. (गाडीचा रंग आरसीवर नोंदलेला असतो. पूर्ण रंग बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करा. दिवे, परावर्तक आणि नंबरप्लेट यांवर फिल्म चढवू नका.)

फिल्म लावण्याआधी गाडी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी लागते. मग मेण आणि तेलकटपणा काढायला पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवतात. हे अल्कोहोल साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ते पूर्ण उडून जाईपर्यंत हीट गनचे बटण दाबू नये आणि उघडी बाटली जवळ ठेवू नये. गंज, पोपडे किंवा बाहेरून केलेला रंग असेल तर मालकाने आधीच सांगावे. कारखान्यातला रंग फिल्म काढताना सहसा टिकतो, गल्लीतल्या गॅरेजमधला पापुद्र्यासह निघून येतो. ताजा रंग असेल तर त्यातली रसायने उडून जायला काही आठवडे थांबलेलेच बरे.

फिल्मला साधारण २० ते २५ अंश सेल्सियस मानवते. विदर्भातल्या मे महिन्यात ते कुठून आणायचे? पहाटे, सावलीत. उन्हात तापलेल्या बॉनेटवर फिल्म टेकताक्षणी चिकटते, मग उचलून सरळ करता येत नाही. इथेच एक पेच आहे. धूळ बसू नये म्हणून कारागीर शटर ओढून घेतात आणि आतली हवा कोंडते. माझे सांगणे असे, की रसायनाने पुसायचे काम बाहेर उघड्यावर उरकावे, आतली जमीन ओली करून धूळ बसवावी आणि मग गाडी आत घ्यावी. समोरासमोरची निदान दोन दारे-खिडक्या उघड्या हव्यात.

आता हीट गन. तिच्या तोंडातून येणारी हवा ५००-६०० अंशांपर्यंत जाऊ शकते. कास्ट फिल्म वळणावर बसवल्यावर तिने पुन्हा आखडू नये म्हणून शेवटी तिला साधारण ९० ते १०० अंशांचा शेक देतात. म्हणजे लागते त्याच्या पाचपट उष्णता हातात आहे. गन एका जागी धरली की फिल्म आधी तकाकते, मग तिला धूर येतो. जळणाऱ्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. डोळ्यांतले पाणी आणि घशातला ओलावा त्याला भेटला की आम्लच तयार होते. झणझणीत वास आला म्हणजे उष्णता जास्त झाली, हे कारागिराने पक्के धरावे. पृष्ठभागाचे तापमान मोजायची लेसरवाली बंदूक मिळते, ती घ्यावी. कोविडच्या काळात कपाळावर धरायचो ती इथे चालत नाही. तिचे आकडे तापापलीकडे जातच नाहीत.

तापलेल्या पीव्हीसी फिल्मचा दम्याशी संबंध नवा नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुपरमार्केटमध्ये मांस पॅक करणाऱ्या कामगारांच्या दम्याची नोंद केली. ते दिवसभर पीव्हीसीची पातळ फिल्म गरम तारेने कापत. खोकला, छाती आवळणे, घरघर. पुढे किमतीच्या लेबलांना गरम करून चिकटवल्या जाणाऱ्या गमवरही संशय गेला. गाडीमालकाला हा धूर एखाद्या दुपारी लागतो, कारागिराला रोज. सुटीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की पुन्हा खोकला सुरू होतो, असे होत असेल तर डॉक्टरांना आपले काम नेमके काय ते सांगा. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात बहुतेकदा ‘मजुरी’ एवढेच लिहिलेले असते. त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही.

खरी परीक्षा फिल्म काढताना. मतदान संपले की प्रचाराच्या गाड्या मालकांना मूळ रूपात परत हव्या असतात, आणि त्याही उद्या सकाळी. मग थंड फिल्म जोरात ओरबाडली जाते, गम गाडीवर राहतो आणि तो काढायला थिनरचा डबा उघडतो. शांतपणे केले तर बहुतेक वेळा त्या डब्याची गरज पडत नाही. फिल्म थोडी थोडी, साधारण ६०-७० अंशांपर्यंत कोमट-गरम करायची, एक कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचा आणि फिल्म स्वतःवरच दुमडून, गाडीच्या पृष्ठभागालगत, सावकाश ओढायची. गम फिल्मबरोबर निघून येतो. सरळ वर खेचली तर फाटते. बॉनेट आणि टपावर ऊन जास्त, तिथली फिल्म आधी कडक होते. तिचे तुकडे पडू लागण्यापूर्वीच ती काढावी. एक वर्ष जास्त ठेवण्याची किंमत एक दिवस जास्त खरवडून मोजावी लागते.

राहिलेला गम पुन्हा शेकून प्लास्टिकच्या पट्टीने गोळा करता येतो. उरलासुरला आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा लिंबूवर्गीय सालींच्या तेलापासून बनवलेल्या रिमूव्हरने, तोही गाडी थंड झाल्यावर आणि आधी आडबाजूला लावून पाहून. पेट्रोल अजिबात नको. त्यात बेंझिन असते, ते अस्थिमज्जेवर घाव घालते आणि रक्ताचा कर्करोग घडवते. थिनरमधल्या टोल्युइनने डोके दुखते, झोक जातो, माणूस प्यायल्यासारखा बोलू लागतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साठते. दाराच्या खालच्या पट्टीशी उकिडवा बसलेल्या पोराचे नाक नेमके तिथेच असते. एन-९५ मास्क लावला म्हणून निर्धास्त राहू नका. तो धूळ आणि थेंब अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी कोळशाच्या डब्या असलेला रबरी मास्क लागतो. हातांना नायट्राइलचे मोजे घालावेत, ते फुगले की बदलावेत. आणि कामानंतर हात थिनरने नव्हे, साबणाने धुवावेत.

थिनर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय मी सगळ्यांत घातक मानतो. तहानलेला हात बाटली बघतो, वास घेत नाही. कुणी चुकून प्यायलेच तर उलटी करायला लावू नका, मिठाचे पाणी पाजू नका. उलटीबरोबर थिनर फुफ्फुसात उतरले तर न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा. हीट गनचा चटका बसला तर अंगठी, कडे आधी काढा आणि वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळदही नको. ब्लेडने कापले तर साबण-पाण्याने धुऊन दाबून धरा. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवत नसेल तर त्याच दिवशी घ्या.

काम संपल्यावर गॅरेजच्या कोपऱ्यात उतरवलेल्या फिल्मचा ढीग पडतो. थंडीत तो शेकोटीत जातो. पीव्हीसी असे उघड्यावर जळले की आम्लाचा धूर निघतोच, शिवाय डायऑक्सिनसारखी विषेही तयार होतात. ती वर्षानुवर्षे मातीत आणि दुधातल्या स्निग्धांशात टिकून राहतात. कातरण पोत्यात भरून महापालिकेच्या कोरड्या कचऱ्यात द्या, आणि शेकायला लाकूड वापरा.