पाळण्यात आजोबांचे नाव

घरात बाळ आले की पाचवीला सटवाईची पूजा होते आणि मग बारशाची बोलणी सुरू होतात. घुगऱ्या किती शिजवायच्या, आत्याला कसले लुगडे घ्यायचे, पाळणा कुणाकडून आणायचा, हे सारे तासाभरात ठरते. अडते ते नावावर. आजी म्हणते, "ह्यांचे नाव घरात पुन्हा ऐकू येऊ द्या." बाळाची आई मनात म्हणते, "शाळेत पोरे हसतील त्याला." आणि बाळाचा बाप दोघींच्या मध्ये सापडतो नि वैरण टाकायच्या निमित्ताने गोठ्यात निघून जातो.

वाचकहो, घरोघरी मातीच्या चुली. तुमच्याही घरात हा वाद झाला असेल किंवा होणार असेल. जुने नाव ठेवावे की ठेवू नये? आमचे म्हणणे असे की जरूर ठेवावे. पण तीन गोष्टी आधी पाहाव्यात. ते नाव मुळात का पडले होते? बाळाच्या आईला ते मनापासून पटते का? आणि कागदोपत्री त्याने घोटाळा तर होणार नाही ना?

थोरांच्या घरातली चाल

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार आहे. शिवाजी महाराजांनी आपल्या थोरल्या मुलाचे नाव संभाजी ठेवले, ते आपल्या थोरल्या बंधूंचे नाव. महाराज १६८० मध्ये गेले. १६८२ मध्ये संभाजी महाराजांना मुलगा झाला, त्याचे नाव शिवाजी ठेवले. पुढे साताऱ्याचे शाहू महाराज म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे. पेशव्यांकडेही तेच. बाळाजी विश्वनाथ १७२०च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेल्या नातवाचे नाव बाळाजी पडले. तेच नानासाहेब पेशवे.

गेलेले माणूस नातवाच्या रूपाने घरात परत येते, अशी त्यामागची भावना. काही घरांत म्हणूनच हयात माणसाचे नाव ठेवत नाहीत. भावना खरी की खोटी, हा वाद बाजूला ठेवू. ज्या माणसाने विहीर खणली, बांध घातले, आंब्याची कलमे लावली, त्याचे नाव त्या शेतात पुन्हा हाकेला यावे, ही इच्छा काही वाईट नाही.

नाव का पडले, ते आधी विचारा

जुन्या नावांमागे बहुधा काही कारण असे. खंडोबाचे कुळ असेल तर खंडू, मल्हारी, मार्तंड, आणि मुलगी झाली तर म्हाळसा. वारकऱ्याच्या घरी निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता अशी चारी भावंडे मिळत. भैरोबाचा भैरू, बिरोबाचा बिरू. जोतीराव फुल्यांचे नाव जोतिबावरून पडलेले. नवसाला पावलेल्या पीराचे नावही आपल्या लोकांनी आनंदाने ठेवले. मालोजीराजांनी नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, शाह शरीफ पीराला नवस केला होता आणि त्यावरून मुलांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरेने सांगतात.

मग दगडू, धोंडू, भिकू, केरू ही नावे कुठून आली? त्यांच्यामागे दुःख आहे. पहिली दोन-तीन मुले हाताला लागली नाहीत की आई पुढच्या मुलाला मुद्दाम ओबडधोबड नाव ठेवी. दगडाला कोण नजर लावणार? केराकडे मृत्यू कशाला बघेल? लस नव्हती, दवाखाना दूर होता, तेव्हा आईच्या हातात तेवढाच एक उपाय होता. तेव्हा पणजोबांचे नाव दगडू असेल तर हसू नका. ते त्यांच्या आईच्या काळजीचे नाव आहे. नातवाला तेच ठेवलेच पाहिजे असे नाही. पण त्या नावाची गोष्ट त्याला जरूर सांगा.

एक नाव मात्र कुणीही पुढे चालवू नये. मुलीवर मुलगी झाली की तिला 'नकोशी' म्हणायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, अशी एक खुळी समजूत होती. दगडू म्हणणाऱ्या आईला मूल हवे होते. इथे नावातच नको म्हटलेले. शाळेच्या हजेरीत रोज ते नाव ऐकत मुली मोठ्या झाल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. जुने ते सारेच सोने नसते, हे लक्षात असू द्या.

आजीचे नाव कुठे गेले?

आता एक प्रश्न आया-बहिणींना. आजोबांच्या नावासाठी घरात एवढी ओढाताण होते, मग आजीच्या नावाचे काय? आजोबांचे नाव निदान सातबाऱ्यावर असते, देवळाच्या वर्गणीच्या फरशीवर असते. जिने आयुष्यभर खुरपले, जात्यावर दळले, तिचे नाव बहुतेक घरांत कुठेच लिहिलेले नसते.

त्यातही आणखी एक गोष्ट. पुष्कळ घरांत लग्नात ताटातल्या तांदळात नवे नाव लिहून सुनेचे नाव बदलत. त्यामुळे नातवंडांना आजीचे माहेरचे नाव ठाऊकच नसते. आजी हयात असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "आजी, माहेरी तुला काय म्हणत?" एखादे सुंदर नाव हाती लागेल. गोदावरी, भागीरथी, मुक्ता, सोयरा, येसू, तारा, जिजा ही नावे जुनी खरी, पण त्यांत कानाला खटकण्यासारखे काय आहे? पुढचे 'बाई' गाळले की तीच नावे आजच्या मुलीलाही शोभतात. आणि आईच्या आईचे नाव ठेवायला तरी हरकत कसली? तेही बाळाचेच घराणे आहे.

सुनेच्या तोंडी सासऱ्याचे नाव

पूर्वी सून सासऱ्याचे नाव घेत नसे. मग मुलाला तेच नाव ठेवल्यावर हाक कशी मारायची? रागे कसे भरायचे? आपल्या बायकांनी त्यावर छान तोड काढली. पाळण्यातले नाव गणपत, पण हाक 'आबा', 'नाना', 'तात्या' नाहीतर 'अण्णा'. दोन वर्षांच्या उघड्या पोराला सगळे घर "आबा, जेवायला या" म्हणते, त्याचे मूळ इथे आहे.

आजची सून ते बंधन पाळो न पाळो, तिची अडचण समजून घेतली पाहिजे. नऊ महिने जिने पोटात वाढवले, तिला दिवसातून पन्नास वेळा ते नाव हाकारायचे आहे. घरच्या वडीलधाऱ्यांनी हट्टाने नाव लादले तर ते नाव तिच्या तोंडी कधीच गोड होत नाही, आणि बाळाला ते कळते. सासूबाईंनी नाव सुचवावे, त्यामागची गोष्ट सांगावी आणि निर्णय आई-बापावर सोडावा. शिवाय दोन नावांची सोय आपल्या रिवाजात आहेच. जन्मनाव एक, व्यवहारातले दुसरे. ज्यांना नक्षत्राचे अक्षर पाळायचे आहे तेही हेच करतात. आजोबांचे नाव पाळण्यात घ्या आणि दाखल्यावर दुसरे लिहा, किंवा उलट करा. वादही मिटतो, मानही राहतो.

सातबाऱ्यावरचा घोटाळा

आता जमिनीची गोष्ट. एकाआड एक पिढीत नाव फिरवले की काय होते पाहा. आजा धोंडी रामा. त्याचा मुलगा रामा धोंडी. नातू पुन्हा धोंडी रामा. आडनाव एक, गाव एक, गट नंबरही एक. आजा आणि नातू कागदावर एकच माणूस! वारसनोंदीच्या वेळी, वाटणीच्या वेळी, कर्ज काढताना कोणता धोंडी रामा, हे सिद्ध करता करता चपला झिजतात. भाऊबंदांत तेढ असेल तर विचारूच नका.

यावर आता एक उपाय झाला आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवले, की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहायचे. म्हणजे आजा धोंडी रामा, तर नातू धोंडी, मग त्याच्या आईचे नाव आणि मग रामा. आईच्या नावाने दोघे वेगळे झाले. ज्या माउलीचे नाव कागदावर येत नव्हते, तिच्याच नावाने घोटाळा सुटणार आहे. त्याआधी जन्मलेल्यांच्या घरी मात्र जन्म-मृत्यूचे दाखले आणि फेरफाराच्या नकला एका पिशवीत जपून ठेवा.

दाखल्याचे तेवढे सांभाळा

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. दवाखान्यात बाळंतपण झाले तर ती तिथून होते. घरी झाले तर ग्रामपंचायतीत कळवावे. नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. नावाची जागा मोकळी ठेवता येते. बारा महिन्यांच्या आत नाव कळवले तर फी नाही. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येते. म्हणून घाईने, भांडून नाव देऊ नका. पण फार लांबवूही नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. दाखल्यावर 'ज्ञानेश्वर' लिहिले असेल तर आधारावर आणि शाळेतही 'ज्ञानेश्वर'च लिहा. घरात ग्यानबा म्हणा, माउली म्हणा, तो तुमचा आनंद.

शेवटी एकच. नाव ठेवले म्हणून नातू आजोबा होत नाही. "तुझा आजा बघ कसा होता, आणि तू!" असे टोमणे त्या पोराला ऐकवू नका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्याची थट्टाही नको. आजोबांनी लावलेल्या आंब्याखाली त्याला घेऊन बसा आणि सांगा, "ज्याने हे झाड लावले, त्याचे नाव तुला दिले आहे." पुढे त्या नावाचे काय करायचे, ते तो ठरवील.